एक कमी मोजणारा पावणा

मित्रांनो, मी एका जुन्या मोबाइलमधलं व्यायाम मोजणारं अॅप आहे. मला हात नाहीत, डोळे नाहीत; फक्त कान आणि आवाज आहे. माणसानं मोठ्यानं आकडे म्हणावेत आणि मी ते लिहून ठेवून मोजून सांगावेत, एवढंच मला शिकवलेलं.

राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये रक्षितानं मला तिच्या वडिलांच्या मोबाइलवर आणलं. नागाप्पांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन्ही हातांत पाण्याच्या भरल्या बाटल्या धरून खुर्चीतून उठायचं, बसायचं, असं दहा वेळा. सलग सात दिवस दहा झाले, की वॉकर सोडायचा, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं; रक्षितानं ते माझ्यातही भरलं होतं. नागाप्पांना मलकापूरच्या आपल्या धान्याच्या दुकानाची पायरी स्वतःच्या पायांनी चढायची होती.

रक्षिता सकाळी क्लासवर शिकवायला गेली, की ते मला टेबलावर ठेवून सुरू करत. मी ऐके : दोन, तीन, चार... धा. दोनच्या आधी कसलासा एक शब्द येई. माझ्या यादीत तो नव्हता. खोकला सोडून द्यावा तसा मी तो सोडून देई. मग म्हणे, "नऊ झाले. एक राहिला."

"ह्या पावण्याला मोजता येत न्हाय," नागाप्पा म्हणत.

सुरुवातीला ते हसून म्हणत. पुढं बाटल्या मोठ्या झाल्या, पाय घट्ट झाले, तरी माझे नऊच. मग हसणं गेलं. संध्याकाळी रक्षिता माझा तक्ता उघडी आणि तिचा आवाज चढे.

"अप्पा, रोज एक चुकवताय. असा कसा वॉकर सुटणार?"

"चुकवत न्हाय गं. धा केल्यात की."

मग अजून एक करून टाका, असं तिनं सुचवून पाहिलं.

"धा झाल्यावर आनि एक कशापायी? माप खोटं करायला न्हाय जमायचं मला."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिला काय सांगणार? मला माझी चूकच ठाऊक नव्हती.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळचा व्यायाम झाला. दुपारी जेवून नागाप्पा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वॉकर कॉटजवळच उभा होता, असं रक्षिता कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

पुढं महिनाभर मी रोज सकाळी आठवण वाजवत राहिलो. शेवटी मला काढून टाकायला रक्षिता बसली. त्याआधी तिनं माझ्यात साठलेला नागाप्पांच्या व्यायामाचा एक आवाज लावला.

"लाभ. दोन. तीन..."

 तिनं तो पुन्हा लावला. दुकानात धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लहानपणी पोत्यावर बसून तिनं ते हजारदा ऐकलं होतं.

मित्रांनो, आम्हाला नीट जपा, पण आमचंच खरं धरू नका. आकड्याआधी माणूस ऐका. घरातलं माणूस 'केलंय' म्हणालं, तर एकदा जवळ बसून बघा.

रक्षितानं मला काढलं नाही. 'नोंद दुरुस्त करा' उघडून ती एकेक दिवस बदलत गेली. नऊचे दहा, एक्केचाळीस वेळा. सातवा दिवस दुरुस्त होताच, मला शिकवलेलं तेवढंच मी मोठ्यानं बोललो :

"शाब्बास नागाप्पा. आता वॉकर सोडा."

समोरच्या खुर्चीतून कुणी उठल्याचा आवाज आला नाही.