घरी विचारून सांगते

नेरूळच्या फ्लॅटमध्ये प्राध्यापिका वैजयंतीबाई पुरण वाटत होत्या. सण नव्हता, पाहुणेही नव्हते. नवऱ्याला एक गोष्ट विचारायची होती, एवढंच!

बाई वाशीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. त्याच सकाळी त्यांनी वर्गात स्त्रियांच्या निर्णयस्वातंत्र्यावर तासभर तळमळीने सांगितलं होतं. तास संपताच प्राचार्यांनी बोलावून नव्या स्त्री-अभ्यास केंद्राचं प्रमुखपद देऊ केलं. कित्येक वर्षांचं स्वप्न समोर उभं होतं, आणि बाईंच्या तोंडून निघालं काय? "सर, घरी विचारून सांगते."

"उद्या सकाळी सांगा. नाहीतर दुसरं नाव कळवावं लागेल," प्राचार्य म्हणाले.

संध्याकाळी सुभाषराव पानावर बसले. पोळी मोडता मोडता म्हणाले, "अगं, सांगायचं राहिलं. मी जॉब चेंज केलाय. न्हावा शेवाच्या बंदरावर. सोमवारपासून यायला उशीर होईल, टेन्शन घेऊ नकोस."

वैजयंतीबाईंचा चेहरा उतरला. तरी धीर करून त्यांनी केंद्राचं सांगितलं, त्यात आपल्यालाही संध्याकाळी उशीर होईल हेही सांगितलं. "मग... घेऊ का मी ते पद?"

"आता माझंच नवीन आहे गं. पुढच्या वर्षी बघू."

सासूबाई राजाबाई साताऱ्याकडच्या. सुनेचं कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या पानावरून त्या म्हणाल्या, "सुभाष, नवी नोकरी धरताना हिला इचारलंस?"

"त्यात काय विचारायचं, आई? माझं काम आहे ते."

"मग ह्ये तिचं काम न्हवं व्हय? तू नुसतं सांगायचं आन् तिनं इचारायचं! आन् तू गं? पोरींना शिकवतीस एक, आन् घरात पुरान वाटून हुकूम मागतीस! आमच्या येळंला इचारायची बी सोय न्हवती. तुला कुनी बांधलंय?"

बायकोला विचारावं, हे खरंच सुभाषरावांच्या मनातही आलं नव्हतं!

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझं तू ठरव. संध्याकाळचं कसं जमवायचं, ते दोघं मिळून बघू."

छातीवरचा धोंडा उतरावा तसं वैजयंतीबाईंना वाटलं. एरवी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईंनी स्वतःचंही पान वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विचारलं, "काय मॅडम, घरी विचारलंत?"

"नाही सर. घरी सांगितलं!"

वाचकहो, संसारात एकमेकांचा सल्ला जरूर घ्यावा. पण तो दोघांनीही घ्यावा. आपल्या घरात कोण नुसतं सांगतं आणि कोण नेहमी विचारतं, हे आज जेवताना एकदा पाहाच.