माझ्या अंगावरच्या लाल चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी, छप्पर उघडणारी, दोनच माणसांची स्पोर्ट्स मोटार आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं. 'अगदी नव्यासारखी' म्हटलं की मात्र माझं डोकं फिरतं.

चार मालक पाहून मी महाळुंग्याच्या सोपानरावांकडे आले. कारखान्याला जमीन दिली त्या वर्षी त्यांनी मला हौसेनं घेतलं. गावातल्या कितीतरी नवरदेवांची वरात माझ्यातून निघाली. एरवी शेजारच्या सीटवर चाकणच्या बाजाराला जाणारं कांद्याचं पोतं असायचं. त्याची मला कधी लाज वाटली नाही. पुढे सोपानरावांचे गुडघे धरले, मी गोठ्यात गेले आणि कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. तो राग अजून गेलेला नाही.

यंदा गोठा पाडून भाड्याच्या खोल्या बांधायचं ठरलं. महिन्याभरात विकली गेले नाही, तर थेट भंगारात. ड्रायव्हरच्या पायाखालचा माझा पत्रा सडला होता. रणजीत नावाचा दलाल म्हणाला, "आबा, पुट्टी भरू, वर मॅट टाकू. कोण वाकून बघतंय?"

सोपानरावांची लेक तनुजा कंपनीत मालाची तपासणी करते. सदोष भागाला लाल चिठ्ठी बांधायची, हे तिचं रोजचं काम. तिनं मलाही तशा सहा चिठ्ठ्या बांधल्या. छप्पर गळतं. दुसरा गिअर अडतो. पत्रा सडलाय, वेल्डिंगशिवाय चालवू नये. अशा सहा.

"अगं, ह्या बघून कुत्रंबी फिरकायचं न्हाई," सोपानराव म्हणाले.

"आबा, कंपनीत मी एवढासा नट अडवते, आणि घरचा माल झाकून देऊ? तिथून कुणाचा पाय खाली गेला तर?"

खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरातीत मिरवलेली मी, अंगावर दुखणी लिहून उभी. गिऱ्हाइकं यायची, वाचायची आणि निघून जायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र मी मनाशी ठरवलं, कुणाचा पाय खाली जाण्यापेक्षा भंगार बरं; गेले तरी जशी आहे तशीच जाईन.

शेवटच्या रविवारी दिघीचा वेल्डर ज्ञानेश आला. आल्या आल्या तो वाकला.

"गाडी बघताना मी आधी मॅट उचलतो," तो म्हणाला. "इथं मॅटच नाही की."

त्यानं सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. "ताई, एक राहिलंय. रेडिएटर झिरपतोय."

तनुजानं सातवी चिठ्ठी लिहिली आणि बांधली. ज्ञानेश हसला. "बास. हीच घेतो."

पत्रा त्यानं स्वतःच्या हातानं जोडला. जोड दिसतो, दिसू दे. जुन्या वस्तूंना जपा मित्रांनो, पण त्यांचं दुखणं झाकून जपू नका. माझ्या सहा चिठ्ठ्या उतरल्या. छप्पर अजून गळतं, म्हणून तेवढी एक आरशाला आहे. पावसाळ्यात माझ्यात बसायचं असेल, तर छत्री घेऊन या.