वैद्यांची पाच नंबरची गिटार

व्यंकटरावांकडे एक गिटार होती आणि त्या गिटारीची एक गोष्ट होती. गिटार ते कधी वाजवत नसत, गोष्ट मात्र आल्यागेल्याला ऐकवत. ते सोयगावला तहसील कचेरीत कारकून होते तेव्हाची. अजिंठ्याची लेणी बघायला आलेला एक स्पॅनिश माणूस तापानं फणफणला. बायको माहेरी गेलेली असताना व्यंकटरावांनी त्याला खोलीवर आणून पेज पाजली, आणि जाताना तो डोळ्यांत पाणी आणून स्वतःची हातानं घडवलेली गिटार त्यांच्या हवाली करून गेला. पुढं पुढं त्या तापाचा टायफॉइड झाला. मुलाचं, अमेयचं, लग्न होईपर्यंत तर बिचारा मरता मरता वाचला होता.

वाजवून दाखवा म्हटलं की व्यंकटराव गिटारीवरून हात फिरवायचे. "जुनं लाकूड आहे. त्याला त्रास द्यायचा नसतो."

यंदा दिवाळीला अमेय पुण्याहून येताना हिमांशू नावाच्या मित्राला घेऊन आला. जुनी गिटार कोणी घडवली आणि तिची किंमत काय, हे ओळखणं हाच हिमांशूचा धंदा. आणि स्पॅनिश माणूस तर मुळात नव्हताच. गिटार केली होती सोयगावच्या कडुबा सुतारानं. आणि तिच्या पाठीला शिसवीचं लाकूड हवं म्हणून व्यंकटरावांनी बायकोच्या रुखवतातला पाट गुपचूप त्याच्या हवाली केला होता.

पाट गेला याचं एवढं काही नव्हतं. पण यमुनाबाईंच्या वडिलांनी लेकीला पितळी फुलांचे पाच पाट दिले होते आणि त्या दिवाळीत चारच उरले. त्याच दिवाळीत व्यंकटरावांची बहीण रूपा माहेरपणाला येऊन गेली होती. यमुनाबाईंनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. तोंडानं त्या कधी काही बोलल्या नाहीत. फक्त रूपा येऊन गेली की पाट मोजायच्या. दर भाऊबीजेला व्यंकटराव बिडकीनला बहिणीकडं निघाले की यमुनाबाईंचं डोकं दुखायला लागायचं. बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा बायकोच्या घशाखाली गेलं नव्हतं. आधी बायकोच्या धाकानं व्यंकटरावांनी सांगितलं नाही, मग फार उशीर झाला, आणि नंतर तो स्पॅनिश माणूस मध्ये आला.

पाडव्याच्या दुपारी व्यंकटरावांच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये हिमांशू गिटार मांडीवर घेऊन बसला. त्यानं ती बोटांनी वाजवून पाहिली, भोकाला नाक लावून वास घेतला, आत टॉर्च मारला. व्यंकटरावांना आपलंच पोट तपासतायत असं वाटत होतं.

"काका, काम फार सुंदर आहे. पण हिच्यात स्पेनचं काही दिसत नाही. शिसव आपल्याकडचं आहे."

"त्याची बायको इकडची होती," व्यंकटराव म्हणाले.

"त्याचं लग्न कधी झालं, बाबा?" अमेयनं विचारलं.

"आणि हे आतलं लेबल," हिमांशू म्हणाला, "वर स्पेन लिहिलंय खरं, पण खाली शंभर मिली असंही लिहिलंय."

अमेय तान्हा असताना त्याच्या मालिशीसाठी आणलेल्या परदेशी तेलाच्या बाटलीवरचं लेबल होतं ते. व्यंकटरावांनी काळजीपूर्वक कापलं होतं, पण मिलीकडं लक्ष गेलं नव्हतं. हिमांशूनं ओला कापूस मागितला.

"नको, नको! जुना कागद आहे, फाटेल!"

"फाटू दे काका. कारागिराचं नाव पुष्कळदा अशा लेबलाखालीच दडलेलं असतं."

लेबल सुटलं. खाली पिवळ्या ऑइलपेंटची अक्षरं होती. हिमांशू जवळजवळ ओरडलाच.

"दि. ना. वैद्य! आणि पुढं पाचचा आकडा! अमेय, कारागिराची सही आहे रे. ही त्याची पाचवी गिटार. ह्या वैद्यांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, म्हणजे त्यांनी मोजक्याच केल्या असणार. बाकीच्या चार सापडल्या ना, तर लोक हिच्यासाठी वेडे होतील!"

यमुनाबाई चिवड्याच्या बशा घेऊन दारात उभ्या होत्या. वडिलांचं नाव ऐकून त्यांनी बशा टीपॉयवर ठेवल्या.

"बाकीचे चार माझ्याकडं आहेत," त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी एकेक पाट आणला आणि हिमांशूपुढं पालथा घातला. प्रत्येकाच्या पाठीवर तोच पिवळा रंग. दि. ना. वैद्य एक, दि. ना. वैद्य दोन, असे चारपर्यंत. पंगतीला शेजारीपाजारी पाट मागून न्यायचे आणि परत येताना अदलाबदल व्हायची, म्हणून त्या काळी जो तो पाटाखाली नाव घालून ठेवायचा. हिमांशूच्या तोंडातला चिवडा तोंडातच राहिला.

यमुनाबाई नवऱ्याकडं वळल्या. "अहो, त्या स्पॅनिश माणसाला पेज पाजली, ती कशावर बसवून पाजली?"

व्यंकटराव चिवड्यातले शेंगदाणे वेचायला लागले.

"विकणार असाल तर मी घेईन, काकू," हिमांशू हळूच म्हणाला. "कारागीर कोणी का असेना, आवाज खणखणीत आहे."

"माहेरचा पाट विकत नाहीत," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी एक पाट सुलटा केला आणि त्याच्या पितळी फुलावरून बोट फिरवलं. चेहरा उतरला होता. "उद्या मी येणार बिडकीनला."

दुसऱ्या दिवशी वहिनीला दारात बघून रूपा हातातल्या तांब्यासकट पुढं धावली. यमुनाबाईंनी बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं. रूपा ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"सापडला का एकदाचा! वहिनी, अहो मीच तर तो गोधडीत गुंडाळून कडुबाकडं पोचवला होता. दादाची हिंमत होईना, तुम्ही बघाल म्हणून."

ही गोष्ट व्यंकटराव सोयीस्करपणे विसरले होते. ते छताच्या पंख्याकडं बघायला लागले.

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाही?" यमुनाबाईंनी विचारलं. "मी तुम्हाला चोर ठरवलं, वन्सं."

"ठाऊक होतं मला. पण दादा म्हणाला होता, तू बोलू नको, मीच सांगतो वहिनीला." रूपाचं हसू ओसरलं. "मी वाट बघत होते."

यमुनाबाईंना रडू आवरेना. रूपानं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि त्यांनी तो घटाघटा रिकामा केला. मग अमेयला हाक मारून गाडीतले चारही पाट आणवले.

"ही यंदाची ओवाळणी. मोजून घ्या, वन्सं."

रूपानं खरंच मोजले. "आणि पाचवा?"

"पाचवा राहू दे त्यांच्याकडं. दर भाऊबीजेला इथं येऊन वाजवून दाखवायचा. नीट वाजवता येईपर्यंत पाटावर बसायचं नाही."

व्यंकटरावांनी गाडीतून आणलेली गिटार मांडीवर घेतली आणि येत असलेली एकुलती एक धून छेडली. तीही मध्येच चुकली. बहिणीनं भावाला गार फरशीवर बसवून ओवाळलं, आणि समोर दोन पाट शेजारी शेजारी मांडून नणंद-भावजय जेवायला बसल्या.