सहरच्या आईचं दार

आमच्या बगदादमध्ये नदीकाठी त्यांनी वकिलात बांधायला घेतली, तेव्हा आम्हाला वाटलं, दोन-चार खोल्या, एक झेंडा आणि व्हिसाची खिडकी. बघता बघता अख्खं गाव उभं राहिलं. स्वतःची वीज, स्वतःचं पाणी, वर पोहायचा तलाव. आमच्या गल्लीत वीज दिवसाला चार तास. दोन देशांची मैत्री वाढवायची म्हणजे जागा लागतेच, आणि त्या मैत्रीला आमची बाधा होऊ नये म्हणून भोवती तीन पुरुष उंचीची भिंत.

ती भिंत सरकत सरकत आमच्या गल्लीत आली आणि सहरच्या आईच्या दारासमोर चुन्याची रेघ पडली. उंबऱ्यापासून हातभर. ही बाई विधवा, लेक सहर लग्न होऊन गेलेली, अंगणातल्या तंदुरावर रोट्या भाजून पोट भरणारी. भिंत झाली की गिऱ्हाईक आत येणार नाही, आणि तिला बाहेर पडायचं तर शिडी लावून शेजारच्या माझ्या गच्चीवरून. माझं दार मागच्या गल्लीला.

"मास्तर, या वयात मी शिडी चढू?" ती म्हणाली. "आणि पिठाचं पोतं काय दातात धरू?"

मग आम्ही रीतसर मागणं घेऊन गेलो. पुढे गल्लीतले वडीलधारे हाजी मिझहिर, मागे गल्लीतले पाच जण आणि दुभाष्या म्हणून मी, निवृत्त इंग्रजी मास्तर. आमच्याकडे मागणं मुलीचं असो की खुनाच्या तडजोडीचं, यजमानाची कॉफी न पिता समोर ठेवायची. तो "प्या, तुमचं काम झालं" म्हणाला की प्यायची. प्यायली की विषय मिटला, पुन्हा काढायचा नाही.

वकिलातीच्या सचिवाने कागदी पेल्यांत कॉफी दिली. मी मागणं सांगितलं, सातही जणांनी पेले खाली ठेवले. बिचारा गोंधळला. दुसऱ्या खेपेला मशीन बदललं, तिसऱ्या खेपेला बिस्किटं आली. खेपेगणिक कॉफी सुधारत गेली आणि भिंत पुढे येत गेली.

चौथ्या खेपेला नवा सचिव होता. छातीवर हात ठेवून तो चक्क अरबीत म्हणाला, "हाजी, प्या. तुमचं काम झालं."

हाजींचे डोळे भरून आले. "बघ मास्तर, माणूस आहे हा!" त्यांनी एका घोटात पेला संपवला. आम्हीही. त्या दिवशी सहरच्या आईने रोट्या फुकट वाटल्या.

सकाळी क्रेन आली. दुपारपर्यंत दारासमोर नुसतं काँक्रीट.

मी तणतणत सचिवाकडे गेलो. "काम? कोणतं काम?" त्याने खरोखरच बुचकळ्यात पडून विचारलं आणि खणातून एक पुस्तिका काढली, 'स्थानिक चालीरीती'. पाहुणे कॉफी पीत नसतील तर हे वाक्य म्हणावं, असं तिच्यात लिहिलं होतं. "माझे उच्चार बरोबर होते ना?" तो म्हणाला.

उत्तम होते, मी सांगितलं. तेवढंच सांगून परत आलो, याची मला अजून लाज वाटते.

"उद्या परत जाऊ," माझ्या गच्चीवर बसून मी हाजींना म्हटलं.

"कोणत्या तोंडाने? प्यायलो ना आपण!"

सहरची आई खाली तिच्या अंगणात उभी राहून ऐकत होती. तिने हातावरचं पीठ झटकलं, पदर खोचावा तसा अंगावरचा पायघोळ काळा अबाया कमरेला खोचला आणि गच्चीला लावलेल्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तुम्ही प्यायलात," ती म्हणाली. "मी कुठे प्यायलेय? शिडी धरा, मास्तर."