पाठीवरची पट्टी

धायटीच्या फुलांचा अर्क नीलानेच काढला होता. पोलादपूरकडच्या तिच्या डोंगरातली लाल फुलं ती. अर्काने त्वचेची आग शमते, असं बाटल्यांतले प्रयोग सांगत होते आणि कंपनीने क्रीमच्या डब्या छापूनही ठेवल्या होत्या. राहिली होती कातडीवरची चाचणी. अर्क पाठीला लावायचा, वर पट्टी चिकटवायची, दोन दिवसांनी काढून बघायचं. त्याला पाच-पन्नास माणसं लागतात.

"माणसं कशाला गोळा करतेस? तुला पाठ नाही का?" कंपनीचे मालक अरविंदशेठ खो खो हसले. स्वतःची पाठ मात्र त्यांनी खुर्चीला टेकवलेलीच ठेवली.

पट्टी लावायला कारखान्यातली सोनाली होती. काढायचा दिवस नेमका रविवार, कारखाना बंद. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत नीलाने ती कशीबशी ओढली, मोबाईल खांद्यावरून मागे नेऊन फोटो काढले. धूसर आले. शेठना पाठवले, तर लगेच उत्तर: 'स्वच्छ आहे. पास लिही.'

तिलाही तेच हवं होतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातचं काही दुकानात जाणार होतं. पण पाठ खाजत होती. आणि पाठ दाखवावी असं एक माणूस तिने इतक्या वर्षांत या गावात जोडलं नव्हतं. शेवटी तिने घरमालकिणीचं, अमिरुन्निसाचाचींचं, दार वाजवलं.

"चाची, जरा पाठ बघता?"

"कुनी मारला काय गो?"

"मारायला तरी कोण आहे?"

"म्हनून बोलते, लगीन कर. नवऱ्याचा दुसरा काय उपेग?"

चाचींनी चष्मा चढवला, कुर्ता वर सारला. त्यांची थंड बोटं पाठीला टेकली आणि नीलाचे डोळे भरून आले. आई गेल्यापासून कुणी असा मायेने हात लावला नव्हता तिला.

"लाल चौकोन उठलाय गो. बारीक फोड पन हायत."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू? माझी काय क्रीम हाय?"

सोमवारी नीलाने चाचींनी पाहिलेलं शेठना सांगितलं आणि नापास लिहिलं.

"एका म्हातारीच्या डोळ्यांवर?" शेठ ओरडले.

"मग तुम्ही लावून घ्या. पाठ आहे ना?"

शेठनी पाठ खुर्चीला आणखी घट्ट टेकवली. दुपारी सोनालीने नीलाशेजारचा आपला जेवणाचा डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. शेठ बघत होते ना.

संध्याकाळी चाचींच्या दाराला कुलूप होतं. महाडला लेकीकडे गेल्या होत्या. खाज नेमकी हात पोचत नाही तिथे. नीलाने खोलीत येऊन कुर्ता काढला आणि पाठ भिंतीला टेकवली. भिंत थंड होती. ती तशीच उभी राहिली.