लूमवाल्याची कांद्याची साल

आमच्या भिवंडीत लूमचा कापूस जाणार नाही अशी जागा नाही. चहात तो, चष्म्यावर तो. मायक्रोस्कोपखालच्या कांद्याच्या सालीवर तो नसता तरच नवल! अकरावीच्या निम्म्या वर्गाने कांद्याच्या चित्रात एक पीळदार पट्टी काढली आणि तिला नाव दिलं ‘शीर’. माझं डोकं फिरलं.

“कांद्यात दोर वळायला कोण बसलं होतं रे?” मी ओरडले.

तेवढ्यात वर्गातल्या अलिजाचे वडील दारात. फखरुद्दीनभाई, लूमचे मालक.

“कमळ मॅडम, अलिजाला कॉमर्सला टाकतो. आमच्या धंद्याला कांद्याच्या सालीचा काय उपयोग?”

अलिजाचा चेहरा उतरला. एवढी हुशार पोर हातची जाणार म्हणून माझा जीव तुटला. भांडायला मी कमी नाही, पण ठरवून आलेल्या बापाशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

“न्यायची तर न्या,” मी म्हटलं. “आधी ती काय करते ते तरी बघा.”

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. अलिजा बाजूला उभी राहून सांगू लागली, “अब्बा, ही विटांसारखी घरं दिसतात ना, त्यातलं एकेक घर म्हणजे एक पेशी.”

“और ये पट्टी?”

अलिजाने स्वतः डोळा लावून पट्टी नीट पाहिली. मग तिने अब्बांच्या खांद्यावरचा कापूस चिमटीत धरला, नव्या काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि ती काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. “आता बघा.”

तीच पट्टी, तोच पीळ. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

“म्हणजे कांद्यावर आपलाच कापूस पडला होता,” अलिजा म्हणाली.

“आणि तो अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी, बरं का,” मी सांगितलं. “सरकीच्या सालीवरची, लांबच लांब वाढलेली.”

“एकच?” फखरुद्दीनभाई स्वतःच्या बाहीकडे बघत राहिले. “सारी उमर विणतोय, हे कुणी सांगितलंच नाही. पॉलिएस्टरमध्ये पण असते?”

“नाही अब्बा. ते कारखान्यात बनतं, झाडावर नाही.”

“कॉमर्सला हे शिकवतात?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग लेकीला म्हणाले, “रहा इथेच. पण जे बघशील ते घरी येऊन मला सांगायचं.”

“घरी? खाली लूम चालू असतात, अब्बा. काय ऐकू येणार?”

लोडशेडिंगशिवाय एक मिनिटही लूम थांबू न देणारा तो माणूस म्हणाला, “तू बोलशील तेवढा वेळ बंद ठेवीन.”