शिरगणतीत मी एकटी

एक्क्याण्णव साली शिरगणतीचे गुरुजी निरवांगीत माझ्या दारी आले, तवा मी ओट्यावर बसले होते. मांडीचं हाड मोडल्यापासून कुणी उचलल्याबिगर मला उठता येत न्हवतं. उचलायची ती माझी लेक नकोशी. तिसरीबी पोरगीच झाली म्हणून ते नाव मीच ठेवलं होतं. तिचा नवरा मेल्यापासनं ती माझ्याकडंच राहायची.

"आजी, घरात माणसं किती?"

"ल्ह्या. संभाजी, दादासो, बिरदेव. तीन वाघ हायती माझं."

"इथं राहतात का?"

"पुण्याला ऱ्हात्यात. पर घर त्यांचंच की!"

"त्यांची नावं तिकडं लागतील. इथं कोण राहतं?"

नकोशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. गुरुजींनी तिच्याकडं बघितलं, तसा तिनं पदर नीट केला. आजवर कुठल्याच कागदावर तिचं नाव चढलं न्हवतं.

"ती सासरची," मी म्हटलं. "लेक कवा घरची असती व्हय? हितं मी एकटीच."

गुरुजी एक लिहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकोशीनं मला ओट्यावर बसवलं, एकच भाकरी थापून पुढ्यात ठेवली आणि गाठोडं काखेत मारलं.

"कुठं निघालीस गं?"

"सासरी, निमगावच्या एसटीला. घरात एकच माणूस हाय न्हवं, आई?"

मी तिला हाक मारली न्हाय. उन्हं अंगावर आली तवा मारली, ती शेजारच्या दगडाबाईला. ती काठी टेकत आली.

"उचल की गं मला."

दगडाबाईनं मला उचलायला जोर केला आणि ती माझ्याशेजारीच खाली बसली. म्हणाली, "आता मला कोण उचलणार?"